चिरूट आणि गरी

माणसाला रिकामे बसायलाही काहीतरी निमित्त लागते. खाडीच्या काठावर नुसताच बसलेला माणूस दिसला, की येणारे-जाणारे विचारतात, "काय हो, कुणाची वाट बघताय?" हातात गरी असली की कुणी विचारत नाही. आणि गरीच्या जोडीला तोंडात चिरूट असला, तर हा गृहस्थ एका मोठ्या उद्योगात गढून गेला आहे अशीच सर्वांची समजूत होते. वास्तविक गरी पाण्यात स्वस्थ पडलेली असते, चिरूट आपला आपण जळत असतो आणि गृहस्थ काहीही करत नसतो. रिकामपणाला इतकी प्रतिष्ठा मिळवून देणारी दुसरी जोडी मला तरी ठाऊक नाही.

आमचे आबा या जोडीचे जुने उपासक. उमेदीची वर्षे त्यांनी मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून काढली आणि रत्नागिरीला परतले ते दोन गोष्टी बरोबर घेऊन : गुडघेदुखी आणि चिरूट. पहिलीचा त्रास त्यांना एकट्याला, दुसऱ्याचा साऱ्या घराला. तेव्हा आजीने निकाल दिला, "ती चूल बाहेर पेटवा!" आबांनी अपील केले नाही. गरी, तंगूस आणि डब्यात थोडी कोळंबी घेऊन ते भाट्याच्या खाडीवर जाऊ लागले. घरात विचारले तर 'गरवायला चाललो' म्हणत. 'ओढायला चाललो' असे कधीच म्हणत नसत.

गरवायला जाण्याचे आबांचे शास्त्र पक्के होते. घड्याळाआधी ते पंचांग पाहत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. तिच्या आधी दोन तास आबा खडकावर हजर. पाणी चढू लागले की त्याच्याबरोबर तांबोशी, गोबरा आत येतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याला जोर असतो, अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी सुस्त आणि मासेही सुस्त. मग चिरूट दोन लागतात. "आज किती वेळ बसलात?" या प्रश्नाला आबांचे उत्तर तासांत कधीच नसे. "दीड चिरूट," ते म्हणत.

हा चिरूट मूळचा तमिळ मुलखातला. तमिळमधला 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. त्यावरून इंग्रजांनी आपला शब्द केला आणि तो आपल्याकडेही रुळला. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगल ही त्याची नामांकित गावे. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कथेत शेरलॉक होम्स नुसत्या राखेवरून खुनी माणूस त्रिचनापल्लीचा चिरूट ओढत होता हे ओळखतो, ते आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. क्यूबाच्या सिगारचे एक टोक बंद असते, ते कापावे लागते. चिरुटाची दोन्ही टोके उघडी. काडी लावली की झाले. आबांना त्रिचीकडचा एक जुना जहाजसोबती ते पाठवीत असे.

चिरूट ओढण्याची एक शिस्त आहे. भराभर झुरके घेतले तर तो तापतो आणि कडवट होतो. फारच विसरलात तर विझतो. मासेमारीचीही शिस्त हीच. तांबोशी पुष्कळदा आधी आमिषाला नुसते टोचून पाहते. तंगुसाला हलकासा झटका बसतो आणि नवशिका तेवढ्यावरच ओढतो. वर येते ती रिकामी गरी. आबा मात्र झटका बसला की आधी हातातला चिरूट उचलून दातांत धरायचे, मग दोन्ही हात तंगुसाला लावायचे. या उठाठेवीत जे दोन-तीन क्षण जात, तेवढ्यात मासा आमिष गिळत असे. आबांच्या ख्यातीचे रहस्य एवढेच होते. त्यांच्या संयमाचा अर्धा भाग त्यांचा आणि अर्धा चिरुटाचा होता.

पण या सुखाचे बिल येते. आबा म्हणत, "मी धूर छातीत घेत नाही. तोंडात खेळवतो आणि सोडतो. मला काय होणार?" असेच समजणारी माणसे त्यांनी विशाखापट्टणमच्या बंदरावर पाहिली होती. त्या किनाऱ्यावर कित्येक बायका चुट्टा उलटा ओढतात, जळते टोक तोंडात धरून! वाऱ्याने विझू नये म्हणून, असे त्यांना कुणी सांगितले होते. ही हकिकत आबा मोठ्या कौतुकाने सांगत. तिचा उरलेला भाग आम्हांला डॉक्टरांकडून कळला : या बायकांच्या टाळूला कर्करोग होतो, आणि डॉक्टरांनी त्याच्या नोंदी पूर्वीच करून ठेवल्या आहेत. चिरुटाचा धूर छातीत न घेताही त्यातले निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते, आणि धूर तोंडात खेळवायचा म्हणजे विष तिथेच मुरवायचे. डॉक्टर हे सांगत होते, कारण आबांच्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा दिसला होता.

आबांनी चिरूट त्या दिवशी सोडला. बोटीवरचा माणूस, हुकूम आला की पाळायचा. उरलेले सहा चिरूट त्यांनी खाडीत टाकले.

आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण पुढच्या पंधरवड्यात आबा रोज रिकाम्या हाताने परतू लागले. हात मोकळे, म्हणून झटका बसताच ते ओढत. तंगूस वर येई, गरीवरची कोळंबी कुरतडलेली. मग एक दिवस त्यांनी गरी माळ्यावर टाकली आणि ओटीवर येऊन बसले. ते बसणे पाहवत नव्हते. चिरूट गेला याचे दुःख कुणालाच नव्हते. त्याच्या आधाराने उभी असलेली खाडी, पंचांग, चढते पाणी, सगळेच त्याच्याबरोबर चालले होते. व्यसन सोडवताना आपण माणसाच्या तोंडातली वस्तू काढून घेतो. तिने व्यापलेला वेळ त्याच्या अंगावर तसाच पडून राहतो, आणि त्याचे काय करायचे ते चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

तोडगा आजीने काढला. खोकल्यासाठी आणलेली ज्येष्ठमधाची कांडी तिने एका सकाळी कोळंबीच्या डब्याशेजारी ठेवली. लांबी-जाडी चिरुटाएवढीच. आबांनी ती उलटसुलट करून पाहिली, काही बोलले नाहीत, आणि माळ्यावरून गरी काढली. त्या दिवशी रात्री घरात तांबोशीचे कालवण होते.

आता चट्टा फिकट झाला आहे. तरी दर तीन महिन्यांनी तपासणी चुकत नाही. झटका बसला की आबा कांडी दातांत धरतात, मग तंगुसाला हात घालतात. परवा त्यांच्याबरोबर बसलो असताना मी विचारले, "आबा, चिरुटाची आठवण येते का हो?"

ते पाण्याकडे पाहत होते. "भांगाला येते," ते म्हणाले. "उधाणाला वेळ कुणाला आहे?"