हुकमाचा एक्का कधी द्यावा?

गेल्या शनिवारी बेसमेंट आवरताना एका खोक्यात लेकाचा जुना टी-शर्ट सापडला. पाठीवर ५२ नंबर आणि 'सबाथिया'. तेव्हा आम्ही क्लीव्हलंडला राहायचो, चिरंजीव आठ वर्षांचे होते. ७ जुलै २००८ ला क्लीव्हलंड इंडियन्सने (२०२२ पासून हे 'गार्डियन्स') आपला एक नंबरचा पिचर सी. सी. सबाथिया मिल्वॉकीला देऊन टाकला. पोरगं रात्री जेवलं नाही. "बाबा, आपला सगळ्यात चांगला माणूस आपण का दिला?" मी "बिझनेस असतो रे तो" असं काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली.

क्रिकेटवाल्या मंडळींसाठी थोडक्यात: पिचर म्हणजे आपला बोलर. पण सामना सुरू करणारा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदाच खेळतो. म्हणजे टीम रद्दी असेल तर एकटा तो काय दिवे लावणार? शिवाय लांबचा करार केला नसेल तर मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. मग जो जास्त पैसे मोजेल त्याचा! जुनी टीम बसते हात चोळत. म्हणून पडझड झालेल्या टीमा असा माणूस आधीच देतात आणि बदल्यात दुसऱ्यांची होतकरू पोरं घेतात.

प्रश्न एवढाच, की कधी?

सबाथियाच्या बाबतीत सगळ्यात जास्त भाव २००७ च्या हिवाळ्यात आला असता. त्याच वर्षी त्याला साय यंग पुरस्कार मिळाला होता आणि कराराचा अख्खा एक सीझन बाकी होता. पण तेव्हा देणार कोण? टीम बोस्टनविरुद्ध ३-१ ने पुढे होती, वर्ल्ड सिरीज एका विजयावर होती, आणि पुढचे तिन्ही सामने हरली. अशा वेळी एक्का विकणाऱ्या मॅनेजरला गावात कुणी कॉफीसुद्धा दिली नसती. २००८ मध्ये गाडी घसरली आणि विकायला उरले फक्त तीन महिने. सबाथियाने तिकडे ११ सामने जिंकले, फक्त २ हरला, आणि मिल्वॉकी १९८२ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये पोचली. इकडे ज्याचा गाजावाजा होता तो मॅट लापोर्टा काही चमकला नाही. पण 'नाव नंतर ठरवू' म्हणून घेतलेला चौथा खेळाडू निघाला मायकल ब्रँटली, जो २०१४ मध्ये अमेरिकन लीगच्या एमव्हीपी मतदानात तिसरा आला.

पुढच्याच वर्षी क्लिफ ली. हा २००८ चा साय यंग विजेता. २९ जुलै २००९ ला तो फिलाडेल्फियाला गेला, आणि त्याला २०१० पर्यंत ठेवायची सोय करारात होती. बदल्यात चार पोरं. त्यातला जेसन नॅप, वय १८, बॉल तुफान टाकायचा. त्याचा खांदा गेला, मेजर लीगचं तोंडही त्याने पाहिलं नाही. कार्लोस कॅरास्को मात्र काही वर्षांनी स्थिरावला आणि २०१७ मध्ये त्याने १८ सामने जिंकले.

गंमत म्हणजे हा ली स्वतःच अशा सौद्यात आलेला! २००२ मध्ये बार्टोलो कोलोनला माँट्रियलला देऊन क्लीव्हलंडने ली, ग्रेडी साइझमोर आणि ब्रँडन फिलिप्स मिळवले होते. तिघंही पुढे स्टार झाले. पण फिलिप्स स्टार झाला तो सिनसिनाटीला, कारण क्लीव्हलंडचा धीर सुटला आणि २००६ मध्ये त्यांनी त्याला सोडून दिलं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट उशिरा कळते: निर्णय आणि निकाल वेगळे असतात. चांगला विचार करून केलेला रिलीजही कधीकधी पडतो. नॅपचा खांदा गेला म्हणून लीला देणं चूक ठरत नाही. टीम पुन्हा प्लेऑफला पोचली २०१३ मध्ये. लीचा करार त्याच्या कितीतरी आधी संपला असता. म्हणून माझा हिशेब साधा आहे. "हा किती भारी आहे?" असं विचारू नका. "आपण चांगले होऊ तेव्हा हा इथे असेल का?" असं विचारा. उत्तर 'हो' असेल, किंवा यंदाच जिंकायची खरी संधी असेल, तर ठेवा, आणि पुढे तो गेला तर रडू नका. उत्तर 'नाही' असेल तर लगेच द्या, कारण पिचरचा हात हा नाशवंत माल. एक पोरगं फुकट जाणार हे धरून तीनचार घ्या, आणि मग त्यांना वेळ द्या. सगळ्यात वाईट म्हणजे "अजून एक सीझन बघू".

हे सगळं पटतं. तरी २८ ऑक्टोबर २००९ ची रात्र डोक्यातून जात नाही. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना: यांकीजकडून सबाथिया, फिलाडेल्फियाकडून ली. ली ६-१ ने जिंकला. चिरंजीव पायजम्यात सोफ्यावर, आणि प्रश्न: "बाबा, हे दोघंही आपलेच ना?"

सबाथिया २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. पाटीवर टोपी यांकीजची.

रविवारी लेकाला फोन केला, म्हटलं शर्ट सापडलाय, देऊन टाकू का कुणाला?

"नाही हं बाबा. तो द्यायचा नाही."

बरं. ठेवलाय. :-)