कळा सुरू होतील तेव्हा ती कुठे असेल

शेवटची पाळी कधी आली, या प्रश्नाला जोयडा तालुक्यात तारखेने उत्तर क्वचितच मिळतं. गणपतीच्या आधी, भात कापायच्या वेळी, तुळशीच्या लग्नानंतर, उळवीच्या जत्रेला निघालो होतो आणि अडचण आली म्हणून मीच तेवढी घरी राहिले, अशी उत्तरं येतात. ती मला अपुरी वाटत नाहीत. सणासुदीला बाहेर बसलेली बाई घरातल्या सगळ्यांच्या लक्षात राहते. त्या वर्षी नैवेद्य कुणी केला हे जावेला विचारलं की खात्रीही होते. मी आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवते आणि आम्ही दोघी एकेक पान मागे जातो. समजा ५ सप्टेंबर निघाली. तिच्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. आली १२ जून.

प्रशिक्षणात हे गणित इथेच संपत होतं. जोयड्यात ते इथून सुरू होतं. १२ जून म्हणजे मृग लागून चार-पाच दिवस झालेले. ओढे भरू लागलेले, जीपवाला आतल्या वाडीपर्यंत यायला कां-कू करणार. पाळी दिवाळीच्या आगेमागे चुकली असेल तर बाळंतपण जुलैत, म्हणजे ऐन झडीत. तेव्हा तायी कार्डावर, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींच्या कार्डावर, अपेक्षित तारीख लिहिताना माझ्या मनात लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: त्या दिवशी ही बाई असेल कुठे?

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा हा तालुका, आणि माणसं २०११च्या जनगणनेत ५२ हजारांच्या आसपास. जुनं सुपे गाव काळी नदीवरच्या धरणात बुडालं, तालुक्याचं ठिकाण जोयड्याला आलं, उठवलेल्या कुटुंबांसाठी रामनगर वसलं. जंगलाचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात आहे. त्या जंगलात चार-सहा घरांच्या वाड्या विखुरलेल्या: कुणब्यांच्या, गवळ्यांच्या, काही सिद्दींच्या. बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज मिळवायला टेकाड चढावं लागतं. जिल्ह्याचं रुग्णालय कारवारला, अणशी घाट उतरून. पावसात त्या घाटात दरड कोसळते. दुसऱ्या अंगाने दांडेली, हल्याळ, पुढे धारवाड-हुबळी. रामनगरकडची माणसं खानापूर-बेळगावचा रस्ता धरतात. ही नावं मी भूगोल म्हणून सांगत नाही. गरोदर बाई समोर बसली की ती सगळी माझ्या डोक्यात रांग लावतात.

सरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ मध्ये मांडलेला तीन उशिरांचा विचार आरोग्य खात्यात आता सगळ्यांना पाठ आहे. घरच्यांचं ठरण्यात उशीर, पोहोचण्यात उशीर, पोहोचल्यावर उपचार मिळण्यात उशीर. त्याच्या जोडीला आणखी एक हिशेब शिकवला जातो. बाळंतपणानंतर रक्त जाऊ लागलं आणि काहीच उपाय झाला नाही, तर साधारण दोन तासांत बाई दगावू शकते. अडलेल्या बाळंतपणात हाच अवधी दोनेक दिवसांचा असतो. दोन दिवसांत अणशीहून कुठेही पोहोचता येईल. दोन तासांत, रात्री, पावसात, आतल्या वाडीवरून पोहोचता येईल का, याचं उत्तर प्रत्येक घरापुरतं वेगळं आहे, आणि ते गरोदरपणातच काढून ठेवावं लागतं. गरोदर बाईची तपासणी करायची ती त्यासाठी, असं मी मानते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, पोटाची उंची या आकड्यांचं रूपांतर शेवटी अंतरात करता आलं पाहिजे.

पण त्यासाठी आकडे खरे हवेत, आणि खरा आकडा मिळवणं हे हाताचं काम आहे.

बाई आत आली की आधी तिला लघवीला जाऊन यायला सांगते. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलतं आणि उंची फसवी येते. मग उताणं निजवून पाय सरळ ठेवायचे, कापड हवं तेवढंच बाजूला करायचं. मी तळहात एकमेकांवर चोळून घेते, कारण पावसाळ्यात इथे हात गारठलेले असतात आणि गार हात लागला की पोट ताठ होतं. डाव्या हाताची कड छातीच्या हाडाखालून सावकाश खाली आणायची. जिथे पहिल्यांदा काहीतरी अडल्यासारखं लागतं, तो गर्भाशयाचा माथा. बाराव्या आठवड्यात तो ओटीपोटाच्या हाडावर जेमतेम हाताला येतो, चोविसाव्याच्या सुमारास बेंबीशी असतो, छत्तिसाव्याला छातीच्या हाडापाशी. चोविसाव्यानंतर टेपवर जितके सेंटीमीटर, जवळपास तितके आठवडे. टेप लावताना आकड्यांची बाजू पोटाकडे ठेवायची, बोटाने धरायचं आणि मग उलटून वाचायचं, ही सवय मला एका वयस्कर सिस्टरांनी लावली. आकडा आधी दिसला की बोट नकळत हव्या त्या आठवड्यावर जाऊन थांबतं.

सणावरून काढलेली तारीख आणि पोटाची उंची जुळली की मला निश्चिंत वाटतं. नाही जुळली तर कालनिर्णय पुन्हा खाली येतं. तारीख चुकली असेल, जुळं असेल, बाळ खुरटत असेल, पाणी कमी-जास्त असेल. सोनोग्राफीसाठी पाठवायचं ते कशासाठी, हे चिठ्ठीवर नेमकं लिहिता आलं पाहिजे, कारण त्यासाठी तिचा आणि सोबतच्या माणसाचा अख्खा दिवस, मजुरी आणि भाडं जाणार असतं.

मग गुडघे थोडे वाकवून लिओपोल्ड या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार पकडी. माथ्यावर काय आहे, पाठ कुठल्या कुशीला, खाली काय आहे, ते कटीत उतरलं का. डोकं नारळासारखं कठीण आणि गोल. हलवलं तर एकटं हलतं. कुल्ले मऊ, पसरट. हलवले तर सगळं अंगच हलतं. पाठीची बाजू सलग लागते, हातापायांची उंचसखल. पाठ सापडली की तिथे फीटोस्कोप टेकवायचा, आणि दुसऱ्या हाताची बोटं आईच्या मनगटावर ठेवायची, नाहीतर घाबरलेल्या आईची नाडीच बाळाचे ठोके म्हणून मोजली जाते. मिनिटाला १२० ते १६० असले की मी मान हलवते. माझ्या आधी बाईच विचारते, "भुरगें बरें आसा न्हय?" बाळ बरं आहे ना? हे विचारताना ती माझ्या तोंडाकडे बघत असते, म्हणून ऐकताना कपाळाला आठी पडू न देणं हाही या कामाचा भाग आहे.

छत्तिसाव्या आठवड्यात बाळ पायाळू लागलं, की पुढचं बोलणं मी त्याच दिवशी सुरू करते. पायाळू बाळाचं बाळंतपण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच व्हायला हवं. हे सासूला, नवऱ्याला आणि शक्य असेल तर वाडीतल्या जुन्या सुइणीलाही सांगते. सुईण आपल्या बाजूने बोलली तर घरचे लवकर ऐकतात. तिला बाजूला सारून मिळवलेली गोष्ट टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

रक्तदाबाचं वेगळं. दोन डोंगर चढून-उतरून आलेल्या बाईला आल्या आल्या पट्टा बांधला तर जो आकडा येतो तो डोंगराचा असतो. तिला बसवायचं, पाणी द्यायचं, पाठ टेकू द्यायची, निदान पाच मिनिटं बोलायचंही नाही. दंड हृदयाच्या पातळीवर. १४०/९० किंवा वर आला तर तिला परत पाठवत नाही. चार तासांनी पुन्हा घेते. १६०/११० दिसला तर चार तास थांबायचा प्रश्नच नाही, गाडी बोलवायची. पावलांची सूज इथे बहुतेकींना असते. दिवसभर उभं राहून लावणी केली, चालत आली, की येणारच. मी विचारते ती सकाळची सूज. उठल्यावर डोळे जड होतात का? बांगड्या हातात रुतू लागल्यात का? मागच्या महिन्यात सहज फिरणारी काचेची बांगडी या महिन्यात मनगटावर अडली असेल तर लघवीत प्रथिनं आहेत का हे त्याच क्षणी पट्टी बुडवून बघायचं. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, बेंबीच्या वर दुखणं हे प्रत्येक वेळी विचारते, आधीच्या भेटीत विचारलं असलं तरी.

हिमोग्लोबिनचं आमच्याकडे प्रकाशाशी नातं होतं. साहलीच्या पद्धतीत रक्तात आम्ल घालून तपकिरी रंग शेजारच्या काचेशी जुळवायचा असतो, आणि जुलैत उपकेंद्रातली वीज गेली की दुपारी दोन वाजता संध्याकाळ झालेली असते. मी नळी घेऊन ओसरीच्या कडेला जात असे. आता पट्टीवर आकडा दाखवणारं छोटं यंत्र आलंय, तरी डोळ्याची खालची पापणी, जीभ आणि तळहात बघितल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही. ११च्या खाली रक्तक्षय, ७च्या खाली तीव्र. भाताच्या खाचरात अनवाणी काम करणाऱ्या बाईच्या पोटात अंकुशकृमी असू शकतात, म्हणून चौथ्या महिन्यापासून जंताची एक गोळी आणि रोज लोहाची गोळी, निदान १८० दिवस. ती चहाबरोबर घेऊ नये हे सांगावं लागतं, कारण इथे कोरा चहा दिवसभर चुलीवर असतो. शौचाला काळं होईल हेही आधीच सांगावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद. आणि गोळीने बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल, ही भीती मनात घेऊन बसलेल्या बाईला हसायचं नाही. तिच्या भीतीमागे कुणाचंतरी खरं अडलेलं बाळंतपण असतं. नाचणी, कुळीथ, शेवग्याचा पाला, ओढ्यातले खेकडे, हे तर ती मला शिकवेल. जोयड्याच्या कुणबी घरांना कंदमुळांची जेवढी पारख आहे तेवढी मला जन्मात येणार नाही. मी फक्त विचारते, त्यातलं तुझ्या ताटात किती येतं?

रक्ताचं आणि अंतराचं नातं इथे उघडच आहे. दोन तासांचा हिशेब अंगात पुरेसं रक्त असलेल्या बाईचा. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईला तेवढाही वेळ मिळत नाही.

सगळं मोजून झाल्यावर सासूबाईंना बाहेर बाकावर बसायला सांगते, दार लोटून घेते. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायकांच्या तपासणीचा जो अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही आढळलं होतं, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. विचारलं नाही तर बाई सांगत नाही, हे त्या आकड्यांवरून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. अंगावरून पांढरं जाणं, लघवीची जळजळ, आधी पडलेलं मूल, नवऱ्याची दारू, मार. गवळ्यांची मराठी, कुणब्यांची कोंकणी, माझी खानापूरकडची बोली आणि कार्डावरचं कन्नड यांच्या मधून वाट काढत हे बोलणं होतं. त्याला लागतो तेवढा वेळ मी देते, बाहेर रांग असली तरी.

आणि एवढं करूनही, ज्यांच्या कार्डावर सगळं ठीक आहे अशा कितीतरी बायकांना ऐन वेळी त्रास होतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कुणाला होईल हे आधीच्या तपासणीतून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून मी ‘धोका नाही’ असं कुणालाच म्हणत नाही. कार्ड स्वच्छ असलेल्या बाईलाही तोच प्रश्न: त्या दिवशी तू कुठे असशील?

महाराष्ट्रात गडचिरोली-नंदुरबारसारख्या भागांत माहेरघरं आहेत. दिवस भरत आलेली बाई आरोग्य केंद्राच्या आवारात, घरच्या माणसासह, येऊन राहते. आमच्याकडच्या पावसाळ्यासाठी अशी खोली प्रत्येक आरोग्य केंद्राशेजारी हवी, चूल असलेली, पोरांना झोपायला जागा असलेली. ती होईपर्यंत बाईच्या नात्यागोत्यातच जागा शोधावी लागते. जोयड्यात कुणी आहे? रामनगरला मावशी? दांडेलीच्या कागद गिरणीत कामाला असलेला दीर? आठव्या महिन्याच्या भेटीत मी कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवते: कुणाकडे जाणार, कधी जाणार, जीपवाल्याचा नंबर, १०८ गाडी कुठल्या वळणापर्यंत येते, तिथपर्यंत डोलीला खांदा देणारे कोण, रक्तगट जुळणारा घरातला माणूस कोण.

यात अडतं ते बहुतेक पैशावर नाही. आतल्या एका वाडीतली, जुलैत दिवस भरणारी बाई सगळ्याला हो म्हणाली आणि शेवटी म्हणाली, "बाई, पंधरा दिवस आधी जाईन, पण म्हस माझ्याशिवाय कुणाला पान्हवत नाही." तिच्या सासूला आत बोलावलं. सासू म्हणाली, म्हस मला लाथ मारते. मग धाकट्या जावेला विचारलं. ती तयार झाली, पण तिला आतापासून रोज सकाळी गोठ्यात हिच्या शेजारी बसायला हवं, हिचंच लुगडं नेसून, म्हणजे म्हशीला वास ओळखीचा होईल. महिनाभर पुरेल, असं तिघींनी आपसात ठरवलं. मी पेन्सिलीने लिहिलं: म्हस, धाकटी जाऊ, उद्यापासून.