बेदाणा: ओके की नॉट ओके?

माझं कामच खोड काढण्याचं. चाकणच्या एका कारखान्यात मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. कास्टिंग हातात घ्यायचं, उजेडात फिरवायचं, ब्लो होल आहे का, कडेला बर राहिली आहे का बघायचं. ठीक असलं तर पुढच्या ट्रेमध्ये, नाहीतर ‘एनजी’ म्हणून लाल डब्यात. त्यामुळे एचआरवाल्यांनी ‘माइंडफुलनेस’चं सेशन ठेवलं आणि शिकवायला आलेल्या मॅडमनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवून ‘फक्त बघा, चांगलं-वाईट ठरवू नका’ असं सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पटकन निघालं, ‘मॅडम, काडी राहिलीय. एनजी.’ सगळे हसले. बाईही हसल्या, पण मी विनोद केला नव्हता.

जॉन काबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यातला हा बेदाण्याचा प्रयोग. मुळं मात्र आपल्याकडचीच. चालताना चालतोय हे कळावं, खाताना खातोय हे कळावं, अगदी शौचाला बसतानाही भान असावं, असं बौद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात सांगितलंय. मॅडम म्हणाल्या, दिवसभर असंच राहायचा प्रयत्न करा.

हे दिवसभराचं मला तेव्हाही पटलं नाही, अजूनही पटत नाही. लक्ष किती टिकतं हे लाइनवर उभं राहणाऱ्याला विचारावं. दुसऱ्या महायुद्धात रडारवर पाणबुड्या शोधणाऱ्यांच्या नजरेतून खुणा निसटायला लागल्या, म्हणून नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं एक तबकडी केली. तिच्यावरचा काटा टकटक पुढे सरकायचा आणि अधूनमधून एकदम दुप्पट उडी मारायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम. पहिला अर्धा तास होतो न होतो तोच माणसं उड्या चुकवायला लागली. १९४८ साली त्यानं हे छापलं. आम्ही इन्स्पेक्शनची माणसं आलटून-पालटून बसवतो ती याचसाठी. डोळे उघडे असतात, पार्टही दिसत असतो, पण आत कुणी नसतं.

म्हणून मी दिवसभराचा नाद सोडला आणि एकच काम धरलं, रात्रीची भांडी. सकाळचे डबे बायको करते, रात्रीचं सिंक माझ्याकडे. आमचं ताथवडे २००९ साली महापालिकेत आलं. नरसिंह मंदिराजवळ जुनं गाव उरलंय, बाकी चहूकडे टॉवर. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला टँकर लागतो, त्यामुळे नळ बारीक सोडायची सवय झालेली. त्याचा इथे फायदाच झाला. बारीक धारेखाली ताट हळूहळू फिरवावं लागतं. ओशटपणा डोळ्याआधी बोटांना कळतो. स्टीलवरून बोट सरकतं तोवर तेल आहे, अडखळून कुईं वाजलं की गेलं. कारखान्यात हातमोजे असतात, त्यामुळे बोटांचं हे कसब कधी कळलंच नव्हतं. आणि खोड शोधत नसताना वस्तू किती वेळ बघता येते, हेही नवीनच होतं.

शांत वाटतं का, तर रोज नाही. कस्टमरची तक्रार आलेली असली की तिसऱ्या ताटाला तो ईमेल डोक्यात येतो, आणि नीट बघत राहिलं तर राग आणखी स्पष्ट दिसतो. शांतीची ही जाहिरात जरा कमी करायला हवी.

यात मला छळतात ते गोरोबाकाका. कंपनीची बस तळवड्याहून इंद्रायणी ओलांडते, डावीकडे देहूचा रस्ता मागे पडलेला असतो, आणि संतांपैकी हटकून तेरचे गोरोबा कुंभार आठवतात. विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवताना पायाखाली स्वतःचं मूल आलं, तरी त्यांना कळलं नाही. पुढे विठ्ठलानं मूल परत दिलं, अशी कथा आहे. पण आमच्या सेफ्टी ऑफिसरच्या वहीत हा सरळ अपघातच. मॅडम सांगतात, मन चिखलात ठेवा. आमची परंपरा सांगते, हात चिखलात, मन पंढरीत. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं गोड बोलून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. मला तसं वाटत नाही.

माझी आई आयुष्यभर हरिपाठ म्हणत भांडी घासत आली. आमच्या घरात तिच्याइतकं शांत कुणी नाही. दिवाळीनंतर ती राहायला आली होती. मी सिंकशी उभा होतो, ती शेजारी स्टुलावर. म्हटलं, ‘आई, हरिपाठ म्हणताना तुझं मन कुठे असायचं गं? भांड्यात की विठ्ठलात?’

तिनं माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं.

‘हरिपाठ काय, पाठच आहे. तो आपला येतो. मी बघायचे, अजून किती भांडी राहिलीत ते.’