गंजलेला नट

आमच्या वडिलांची बुलेट मांद्र्याच्या घरामागे, चुडतांनी शाकारलेल्या खोपीत, तीन पावसाळे उभी होती. २०२१ साली वडील गेले आणि त्यानंतर तिला कोणी हात लावला नाही. विकून टाका, असे सांगणारे पुष्कळ भेटले; परंतु ज्या गाडीवरून वडील आईला कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या दर्शनाला नेत, ती भंगाराच्या टेम्पोत चढलेली पाहण्याचे धैर्य आम्हांस होईना. अखेर २०२४ साली, माघातील जत्रेच्या पंधरा दिवस आधी आईच म्हणाली, "अरे, तेवढी गाडी चालती कर. यंदा तिच्यावरूनच जाऊ."

इंजिनाने फारसा त्रास दिला नाही. अडले ते मागच्या चाकापाशी. टायर बसून बसून चिरला होता. तो बदलायचा तर चाक काढणे आले, आणि चाक काढायचे तर आसाच्या टोकावरचा नट सोडविणे आले. हा नट हलेचना.

समुद्रकाठी राहणाऱ्या आमच्या वाचकांना खाऱ्या वाऱ्याचा प्रताप सांगावयास नको. देवघरातील समई काळवंडली तर चिंचेने घासून उजळता येते. लोखंडावर चढलेला गंज असा मुकाट्याने जात नाही. लोखंड गंजले म्हणजे फुगते. जितके लोखंड खर्ची पडते त्याहून कितीतरी अधिक जागा गंज व्यापतो, आणि नटाच्या व आसाच्या आट्यांमध्ये तर केसाएवढीही मोकळीक नसते. तेथे फुगलेला गंज पाचरीप्रमाणे ठोकून बसतो. चाकाचा मधला भाग अॅल्युमिनियमचा. मिठाचे पाणी दोन्ही धातूंना जोडते, तेव्हा लोखंडाआधी अॅल्युमिनियम झिजू लागते, आणि पांढरी भुकटी साचून सांधा आणखी आवळतो. तीन पावसाळे, आणि गोव्यात एकेका पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस! खोपीच्या चुडतांनी त्यातला किती अडविला असेल, ते तीच जाणोत.

हे ज्ञान अर्थात आम्हांस मागाहून झाले. त्या दिवशी आम्ही हाती येईल तो पाना लावला, दांड्यावर पाय देऊन उभे राहिलो आणि जोर केला. पाना सटकला, आमची बोटे सोलवटली, नटाचे दोन कोपरे उडाले. दुसऱ्या प्रयत्नात उरलेलेही गोल झाले. शेवटी टेम्पोतूनच, पण भंगाराकडे न जाता, गाडी म्हापशाच्या एका वृद्ध मेस्त्रींकडे पोहोचली.

त्यांनी नटाकडे पाहिले, मग आमच्या बोटांकडे पाहिले. "घाय करूं नाका, बाब," एवढेच म्हणाले. तारेच्या ब्रशाने त्यांनी नट चारी बाजूंनी घासला, आट्यांत तेल सोडले, हातोडीने कडांवर हलके हलके ठोके दिले आणि आम्हांस उद्या येण्यास सांगितले. ठोक्यांनी गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल आत झिरपते. पण त्याला रात्र द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहा कोनांचा पाना ठोकून बसविला. बारा कोनांचा पाना झिजलेल्या नटाचे उरलेसुरले कोपरेही खातो, असे ते म्हणाले. आधी सोडविण्याच्या दिशेने नव्हे, तर किंचित आवळण्याच्या दिशेने नेट दिला. तेही व्यर्थ. ज्योतीने तापवावे काय, असे आम्ही विचारले. शेजारीच बेअरिंग आहे, त्यातील ग्रीस जळेल, रबर वितळेल, असे उत्तर आले.

मग ते थबकले. या नटाला बुरुजावर असाव्यात तशा खाचा असतात. आसाला आडवे भोक असते. खाच आणि भोक यांतून दुपाखी खीळ घालून तिची टोके वळवितात, म्हणजे नट आपोआप सुटत नाही. घासलेल्या नटाच्या खाचेत त्यांनी दाभण घातले. आतून तांबडी पूड सांडली आणि तारेचा एक कुजका वेढा बाहेर आला. खिळीच्या जागी तार!

"ही तार कोणी घातली?"

"कोणा पंक्चरवाल्याने असेल," आम्ही म्हणालो.

मेस्त्रींनी वेढा तळहातावर घेतला. पंक्चरवाला खिळा घालतो, अशी जपून तार गुंडाळीत बसत नाही, एवढे बोलून ते कामाला लागले.

ती तार आमची होती. २०१४ साली, कॉलेजात असताना, पंक्चर काढण्यासाठी हे चाक आम्हीच उतरविले होते. खीळ वाकवून सरळ करताना तुटली. दुकान दूर, संध्याकाळ झालेली. कुंपणाची तार सापडली. उद्या नवी खीळ आणू, असे स्वतःस सांगितले आणि विसरलो. वडिलांना सांगितलेही नाही. त्यानंतर सात वर्षे ते त्याच चाकावर आईला मागे बसवून शिवोलीचा पूल, म्हापसा, मांडवी, पणजी ओलांडून फोंड्याकडे जात-येत राहिले. तार केव्हा कुजली, कोण सांगणार? नट जागेवर राहिला, कारण गंजाने त्याला सोडले नाही. ज्याच्या नावाने आम्ही दोन दिवस बोटे मोडीत होतो, त्याने आमची चूक झाकून ठेवली होती.

मेस्त्रींनी छिन्नी घेतली. नट नवा मिळतो, आस जपायला हवा, म्हणून आट्यांना धार न लागेल अशा बेताने त्यांनी नटाची एक बाजू चिरली. तो कवचीसारखा उकलून खाली पडला. आट्यांवर तेल-ग्रीस लागले, चाक नव्या टायरासह चढले, नवा नट आला. खाच भोकाशी जुळेना तेव्हा त्यांनी नट सैल केला नाही. आणखी थोडा आवळून पुढची खाच जुळविली. खीळ मात्र त्यांनी आमच्या हातात दिली. आम्ही ती घातली, टोके वळविली. तारेचे सत्य तेव्हा त्यांना सांगितले. त्यांनी मान हलविली आणि हात पुसायला चिंधी दिली.

जत्रेच्या दिवशी पहाटे आई मागे बसली. मांडवीच्या अलीकडे आम्ही गाडी थांबविली, उतरलो, वाकून खिळीला बोट लावून पाहिले.

"काय झाले रे?" आईने विचारले.

"हवा पाहतो," आम्ही म्हणालो.

"यांनी कधी पाहिली नाही," आई म्हणाली. "म्हणायचे, चाकाचे काम पोराने केले आहे."