स्टूल आणि चाळिसावी साडी

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मैलापूरच्या कपालीश्वर देवळाभोवतालच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. साडीच्या दुकानांत तर विचारूच नका! गिऱ्हाईक खुर्चीवर ऐसपैस बसलेले, आणि काउंटरमागची मुलगी उभ्या उभ्या घडीमागून घडी उलगडते आहे. 'अक्का, निळ्यात अजून काही?' की पुन्हा शिडी, पुन्हा गठ्ठा.

दुकान उघडल्यापासून शटर पडेपर्यंत या मुलींनी उभेच राहायचे, अशी वर्षानुवर्षांची रीत. गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही. बसलेली विक्रेती म्हणजे आळशी विक्रेती, असा मालकांचा ग्रह. पोटऱ्यांच्या शिरा फुगणे, पावले सुजणे, कंबर धरणे हे सारे 'सवय होते' या दोन शब्दांत निकालात निघे.

वाचा फुटली ती शेजारच्या केरळात. कोळिकोडच्या पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुकानांतल्या बायकांची 'पेण्कूट्ट' ही संघटना बांधली. पहिले मागणे बसण्याचे नव्हतेच, स्वच्छतागृहाचे होते. सोय नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पिणेच टाळत! २०१८ मध्ये केरळने कायदा बदलला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही दुकाने व आस्थापना कायद्यात २२-अ हे कलम घातले. प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी बसायची सोय हवी, आणि कामात उसंत मिळेल तेव्हा त्याला बसता आले पाहिजे, असे ते सांगते. मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधरींचे श्रमिकांचे प्रसिद्ध शिल्प आहे. धोंडा हलवणारे चौघेही पुरुष. काउंटरमागे उभे राहणे हे श्रम आहेत, हे सुचायला वेळच लागला म्हणायचा.

कायद्याने स्टूल दिले. चाळिसावी साडी मात्र कुठल्याच कायद्यात नाही. लेकीच्या लग्नाचा शालू घेताना गोंधळलेल्या आईच्या खांद्यावर पदर टाकून तिला आरशापुढे नेणे, 'हा रंग दिव्यात गडद दिसतो, बाहेर उजेडात बघा' असे खरे सांगणे, दुकान बंद होताना आलेल्या आजीबाईंसाठी आवरलेला गठ्ठा पुन्हा सोडणे, हे पगारात बसत नाही. ती मुलगी ते आपल्या मनाने करते. मालकाने स्टूल माळ्यावर टाकले आणि तपासनीस आल्यावरच खाली काढले, तर तिने का करावे? ती साडी दाखवील, बिल करील आणि घड्याळाकडे बघेल. तिचे काही चुकले, असे कोण म्हणेल?

दुपारी अडीचच्या सुमारास गर्दी ओसरते. स्टुलावर जरा टेकलेली मुलगी दारात चपला वाजल्या की उठते. 'बसा अक्का, आधी रंग तर ठरवू,' असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइका अजून थोड्याच.