अपरिस्रावी



गेल्या महिन्यात आमच्या सूनबाईची एम.ए.ची तोंडी परीक्षा झाली. विषय समुपदेशन मानसशास्त्र. ज्यांचं समुपदेशन केलं त्यांच्या नोंदींची फाइल द्यायची आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर बसून त्यावरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. फाइलमध्ये नाव-गाव सगळं बदललेलं. मी सहज विचारलं, "ही बाई आपल्या नगरचीच का गं?" ती हसून म्हणाली, "मम्मी, तुम्हालाही नाही सांगणार."

तयारीसाठी तिने मलाच परीक्षक केलं. रात्री ओटा आवरला की मी चष्मा लावून प्रश्न वाचायची. लहानपणीची आमची परीक्षा आठवली. आचार्य आनंदऋषीजींच्या प्रेरणेने १९३६ साली पाथर्डीत सुरू झालेल्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षेला आम्ही बहिणी बसायचो. सामायिक-प्रतिक्रमणाचे पाठ महासतीजींना म्हणून दाखवायचे; अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून.

इथे मात्र पाठांतर कामाचं नव्हतं.

"समोरची बाई रडायला लागली तर?"

"थोडा वेळ गप्प बसेन. लगेच समजूत घालणार नाही."

"ती म्हणाली, कुणाला सांगू नका, तर?"

"नाही सांगणार. पण कुणाच्या जिवाला धोका असेल तर सांगावं लागतं. ते तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं." २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गुप्ततेचा हक्क आणि हा अपवाद, दोन्ही आहेत म्हणे.

मी कागद खाली ठेवला. चार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका ताईंनी मला विश्वासाने सांगितलं होतं, की त्यांची मुलगी सासरहून भांडून आली आहे. मी फक्त जाऊबाईंना सांगितलं, तेही काळजीपोटी. आठवड्यात स्थानकात कुजबुज सुरू झाली, आणि मिटत आलेली गोष्ट चिघळली. ताई मला काही बोलल्या नाहीत. फक्त माझ्याशेजारी बसायच्या बंद झाल्या.

स्थानांग सूत्रात आलोचना ऐकणाऱ्याचे आठ गुण सांगितले आहेत. त्यातला एक 'अपव्रीडक', म्हणजे सांगणाऱ्याची लाज घालवून त्याला मोकळं बोलू देणारा. दुसरा 'अपरिस्रावी', ज्याच्यातून ऐकलेलं पाझरत नाही असा. प्रवचनात हे शब्द किती वेळा ऐकले! साधूंचे गुण म्हणून मान डोलावली आणि घरी आले. आपल्याकडे मन मोकळं करायला येणाऱ्या बाईसाठी आपणही त्या वेळी त्या आसनावरच बसलेल्या असतो, हे सुनेचे प्रश्न वाचताना कळलं.

मी तिला ते दोन शब्द सांगितले. तिने वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतले. "आई" किंवा "मम्मी" न म्हणता नुसतीच माझ्याकडे बघत राहिली. बहुतेक तिला कळलं होतं. विचारलं मात्र काही नाही.

तिची परीक्षा चांगली झाली. माझी बाकी होती. दरवर्षी संवत्सरीला मी त्या ताईंना हात जोडून, घाईघाईने, सगळ्यांसारखंच खमावत आले होते. या वेळी संवत्सरीची वाट पाहिली नाही. दुपारी त्यांच्या घरी गेले आणि चूक नाव घेऊन सांगितली, "तुमची गोष्ट मी फोडली." काळजीपोटी, हा शब्द तोंडात आला होता, तो गिळला.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मीही समजूत घालायला गेले नाही. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं. तुम्ही कधी म्हणता, तेच बघत होते."

मिच्छामि दुक्कडं.