चेंडू रेषेबाहेर होता

११ जून २०२४ च्या रात्री दोहाच्या जसिम बिन हमद स्टेडियमवर भारत कतारच्या एक गोल पुढे होता. मुंबई सिटीकडून खेळणाऱ्या लालियानझुआला छांगटेनं ३७व्या मिनिटाला तो गोल मारला होता. सामना तिथेच संपला असता, तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत भारत पहिल्यांदाच पोचला असता. ७३व्या मिनिटाला कतारचा एक हेडर आपला गोलरक्षक गुरप्रीतनं अडवला आणि चेंडू त्याच्याजवळून घरंगळत गोलरेषेच्या बाहेर गेला. भारताचे बचावपटू थांबले. चेंडू बाहेर गेल्यावर कुणीही थांबतो, तसेच. कतारच्या खेळाडूनं तो पलीकडून पायानं आत ओढला आणि युसुफ आयमननं जाळ्यात ढकलला. लाईन्समनचा झेंडा खालीच राहिला, पंचांनी गोल दिला. आपल्या पोरांनी त्यांना घेरलं, हातानं रेषा दाखवली, विनवण्या केल्या, पण निर्णय बदलला नाही. ८५व्या मिनिटाला कतारनं दुसरा गोल केला आणि भारत स्पर्धेबाहेर गेला.

त्याच्या दीड वर्ष आधी, १ डिसेंबर २०२२ ला, तिथून काही किलोमीटरवरच्या खलिफा स्टेडियमवर नेमका हाच प्रश्न आला होता. जपान विरुद्ध स्पेन. काओरू मितोमानं गोलरेषेवरून चेंडू मागे वळवला आणि आओ तानाकानं तो आत घातला. टीव्हीवर बाजूनं बघताना चेंडू स्वच्छ बाहेर दिसत होता, फोटोंतही तसाच दिसला. पण नियम सांगतो की अख्खा चेंडू रेषा ओलांडून गेला तरच तो बाहेर. वरच्या कॅमेऱ्यानं दाखवलं की चेंडूच्या गोलाईचा दोन मिलिमीटरहूनही कमी भाग अजून रेषेच्या वर आहे. तपासणीनंतर गोल दिला गेला, जपान जिंकलं, आणि त्या निकालानं जर्मनी स्पर्धेतून गेली.

एकीकडे केसाएवढं अंतर मोजून मिळालं. दुसरीकडे, त्याच परिसरात, उघड्या डोळ्यांना दिसणारं अंतर कुणाला विचारता आलं नाही. कारण पात्रतेच्या त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे रिप्ले बघून मैदानावरच्या पंचांना मदत करणाऱ्या पंचांची व्यवस्था, नव्हतं. व्हिडिओ रिप्लेमुळे फुटबॉल बिघडला असं कुणी म्हणालं की माझ्या डोळ्यांसमोर हे दोन चेंडू येतात आणि मी लगेच मान हलवू शकत नाही.

दोहातल्या पंचांचा मला राग आला नाही. ते माझ्यापेक्षा कितीतरी जवळ उभे होते, पण गर्दीतून पलीकडे त्यांना दिसलं नसेल. मला घरबसल्या काही सेकंदांत दिसलं. भारतातल्या, कतारमधल्या, सामना लावून बसलेल्या प्रत्येकाला दिसलं. निकाल ज्याला द्यायचा, तो एकटा माणूस सोडून सगळ्या जगाला खरं काय ते ठाऊक आहे, ही स्थिती टीव्हीनं निर्माण केली. रिप्ले पंचांच्या हाती येण्याआधी कितीतरी वर्षं तो आपल्या घरात आलेला होता. पंचाला त्यापासून लांब ठेवणं हा मला आधी पंचावरचाच अन्याय वाटतो.

या अन्यायाचं सगळ्यात लख्ख दर्शन २७ जून २०१० ला झालं. दक्षिण आफ्रिकेतला विश्वचषक. दुपारी ब्लूमफाँटेनमध्ये इंग्लंडच्या लँपार्डचा फटका आडव्या खांबाला लागून गोलरेषेच्या चांगला आत पडला आणि बाहेर उसळला. गोल दिला गेला नाही. तो सामना जर्मनीनं ४-१ जिंकला. त्याच रात्री जोहान्सबर्गच्या सॉकर सिटीमध्ये अर्जेंटिनाच्या तेवेझनं मेक्सिकोवर ढळढळीत ऑफसाईडमधून गोल केला आणि नजरचुकीनं त्याचा रिप्ले स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर लागला. मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडे बोटं दाखवत होते. इटलीचे पंच रोबेर्तो रोझेत्ती लाईन्समनपाशी गेले, बराच वेळ बोलत राहिले. चूक झाली आहे हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलेलं होतं, पण पडद्यावर बघून निर्णय फिरवायला नियमानं बंदी होती. गोल कायम राहिला. पुढे हेच रोझेत्ती इटलीत व्हीएआर आणण्याच्या कामाचे प्रमुख झाले आणि नंतर युरोपच्या फुटबॉल संघटनेतल्या पंचांचे मुख्य. त्या रात्री सत्य डोळ्यांसमोर असून हात बांधलेल्या माणसानंच हे काम अंगावर घ्यावं, याचं मला नवल वाटत नाही.

माराडोनाच्या हातानं झालेल्या १९८६ च्या गोलबद्दल लोक कौतुकानं बोलतात. मला त्यात ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर आणि बल्गेरियाचे लाईन्समन दोचेव दिसतात. आपण सहकाऱ्याच्या इशाऱ्याची वाट बघत होतो, असं पंच सांगत राहिले. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत म्हातारे झाले. एका क्षणाच्या न दिसण्याची एवढी किंमत कुणाकडून वसूल करू नये.

पडद्याची आपल्याला सवय क्रिकेटमुळे आधीच झालेली होती. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर हडसननं बेल्स उडवल्या, मैदानावरच्या पंचांनी तिसऱ्या पंचाला विचारलं आणि टीव्हीवर बघून बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज ठरला तो आपला एकोणीस वर्षांचा सचिन. तेव्हापासून क्रीझवरची बॅट आपण चौकटीचौकटीनं बघत आलो. मात्र क्रिकेट प्रत्येक चेंडूनंतर आपणहून थांबतं, त्या फटीत रिप्ले सहज बसतो. फुटबॉल थांबत नाही. तिथे थांबवणं म्हणजे कुणाचा तरी चाललेला हल्ला तोडणं, कुणाला तरी दम घ्यायला वेळ देणं. म्हणून तिथे थांबण्यासाठी कारण तेवढंच भक्कम हवं. नियम तसा लिहिलेलाही आहे: २०१८ मध्ये व्हीएआर नियमपुस्तकात आलं ते चारच गोष्टींसाठी. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड. तिथेही चूक उघड आणि ठळक असेल तरच.

प्रत्यक्षात काय होतं ते ३० सप्टेंबर २०२३ च्या टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्यात एकाच पूर्वार्धात दिसलं. २६व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या कर्टिस जोन्सचा पाय चेंडूवरून सरकून प्रतिस्पर्ध्याच्या घोट्यावर गेला. पंच सायमन हूपर यांनी पिवळं कार्ड दाखवलं. मग त्यांना मैदानाकडेच्या पडद्यापाशी बोलावलं गेलं. ते पोचले तेव्हा पडद्यावर हलतं चित्र नव्हतं. थिजलेली एक चौकट होती: घोटा वाकलेला, बुटाचे खिळे त्यावर. ती बघितल्यावर लाल कार्ड द्यावंसं कुणालाही वाटेल. पाय आधी चेंडूला लागला होता, वेग किती होता, तोल कसा गेला, हे त्या चौकटीत नाही. लाल कार्ड योग्य होतं की नाही यावर आजही दोन मतं आहेत. मला एवढंच म्हणायचं आहे की तिथे पंचांना जास्त दिसलं नाही, वेगळं दिसलं. स्लो मोशनमध्ये प्रत्येक पाय मुद्दाम पडल्यासारखा वाटतो आणि प्रत्येक हात मुद्दाम आल्यासारखा. २०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचे पंच पिताना क्रोएशियाच्या पेरिशिचचा हात बघायला पडद्यापाशी गेले, बघून निघाले, दोन पावलांवरून पुन्हा वळले आणि पुन्हा वाकून बघू लागले. शेवटी त्यांनी फ्रान्सला पेनल्टी दिली. ती चूक उघड आणि ठळक असती तर ते परत वळले नसते.

त्याच टॉटनहॅमच्या सामन्यात, ३४व्या मिनिटाला, लुईस दियाझनं गोल केला. लाईन्समननं ऑफसाईडचा झेंडा वर केला. व्हीएआरच्या खोलीतल्या पंचांनी रेषा आखून बघितलं: दियाझ ऑफसाईड नव्हता. म्हणजे यंत्रानं आपलं काम चोख केलं. पण मैदानावर गोल दिलेला आहे अशा समजुतीनं त्यांनी तपासणी पूर्ण झाल्याचं सांगून टाकलं, आणि पंचांना वाटलं ऑफसाईड बरोबर होता. फ्री किक घेतली गेली. तीन दिवसांनी त्या खोलीतला आवाज प्रसिद्ध झाला, तो ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. रिप्ले चालवणारा तंत्रज्ञ पहिल्यांदा भानावर येतो, थांबा म्हणतो, मैदानावर ऑफसाईड दिला होता हे सांगतो. मग खोलीतल्या सगळ्यांना कळतं. खेळ थांबवा असं सुचवलं जातं. आणि उत्तर येतं की खेळ पुन्हा सुरू झाला, आता काही करता येणार नाही. सामना ०-० होता. लिव्हरपूल तो शेवटच्या क्षणी स्वतःच्याच मातिपच्या पायाला लागून गेलेल्या चेंडूवर २-१ हरलं.

इथे यंत्रं हजर होती, माणसं होती, खरं काय तेही सगळ्यांना कळलेलं होतं. अडलं ते नियमाच्या एका ओळीपाशी. एकदा खेळ सुरू झाला की मागे फिरायचं नाही, ही ओळ रिप्ले नसतानाच्या काळातली आहे. तेव्हा ती शहाणपणाची होती, कारण मागे फिरून बघायला काहीच नव्हतं. आज खोलीतल्या चार जणांना काही सेकंदांत चूक कळते आणि तरी तोंड मिटून बसावं लागतं, तर ती जोहान्सबर्गचीच गोष्ट झाली, फक्त पडदा एका बंद खोलीत गेला. ही ओळ बदलायला हवी असं मला मनापासून वाटतं. पुढची शिट्टी वाजेपर्यंत तरी मागे फिरायची मुभा हवी.

ऑफसाईडच्या सेंटिमीटरांबद्दल मात्र मी तक्रार करणार नाही. २०२४ च्या युरो स्पर्धेत जर्मनीविरुद्ध डेन्मार्कच्या आंदरसननं गोल केला आणि डिलेनीच्या बुटाच्या टोकानं तो रद्द झाला. काही मिनिटांत त्याच आंदरसनच्या हाताला चेंडू निसटता लागला, चेंडूतल्या सेन्सरनं टीव्हीवर क्रिकेटमधल्या स्निकोसारखी उसळी काढून दाखवली आणि जर्मनीला पेनल्टी मिळाली. त्या माणसासाठी माझा जीव तुटला. तरी बुटाचं टोक पुढे होतं, तर होतं. सुरुवातीच्या वर्षांत गोष्ट वेगळी होती. कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रं घेई, आणि जोरात धावणारा खेळाडू दोन चित्रांच्या मधल्या वेळात वीतभर अंतर कापतो. चेंडू नेमका कोणत्या चित्रात पायापासून सुटला हे माणूस अंदाजानं ठरवी आणि त्या अंदाजावर काखेतून रेषा ओढून गोल रद्द होत. ती अचूकता खोटी होती. कतारच्या विश्वचषकात चेंडूतच सेकंदाला ५०० वेळा नोंद करणारा सेन्सर बसवला, तेव्हा कुठे त्या रेषेवर विश्वास ठेवण्याजोगं काही हाती आलं. हाताला लागलेल्या चेंडूचं तसं नाही. चेंडू लागला हे सेन्सर सांगेल. हात तिथे असायला हवा होता का, हे तो सांगणार नाही. ते पंचानंच, चालत्या खेळात बघून, आपल्या समजेनं ठरवावं.

गोल झाल्यावर ओरडायचं की थांबायचं, ही कुचंबणा खरी आहे. नॉर्वेत प्रेक्षकांनी व्हीएआरच्या निषेधात मैदानावर फिशकेक फेकून सामना बंद पाडला, स्वीडनच्या क्लबांनी ते घ्यायलाच नकार दिला. मला त्यांचं दुःख कळतं. पण पुरेसे कॅमेरे, पुरेसे पंच आणि पुरेसा पैसा असलेल्यांचं ते दुःख आहे.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठापेठांतल्या तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने बघत मोठा झालो. पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की त्या दिवशी शिट्टी घेऊन उतरणाऱ्या माणसाबद्दल मला लहानपणापासून आदर आहे. त्याच्या कानात कुणी बोलत नाही, त्याला पडदा नाही, आणि सामना संपल्यावर त्याला याच गल्ल्यांतून घरी जायचं असतं. पूर्वी निदान त्याच्याइतकंच सगळ्यांना दिसायचं. आता गोल झाल्यावर मिनिटाच्या आत गॅलरीतला कुणीतरी मोबाईल वर धरतो, कोंडाळं जमतं, आणि ‘ऑफसाईड हाय की रं!’ असा गलका उठतो. इथेही आता निकाल देणारा माणूस सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक असतं.

म्हणून २०२४ मध्ये मुलींच्या वीस वर्षांखालील विश्वचषकात कोलंबियात जी पद्धत वापरून बघितली, तिच्याकडे माझं लक्ष लागलं आहे. वेगळी खोली नाही, रिप्ले बघत बसलेले वेगळे पंच नाहीत. प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा दाद मागता येते; मागितली की पंच स्वतः कडेच्या पडद्यावर बघतात आणि स्वतः ठरवतात. दाद खरी ठरली तर ती शिल्लक राहते. आपल्याकडची इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाल्यावर पहिली दहा वर्षं रिप्लेविना खेळली गेली, आणि व्हीएआरच्या खर्चाची चर्चा होत राहिली. पण तिथे प्रक्षेपणाचे कॅमेरे असतातच. त्यांची चित्रं पंचांना दाखवायला फार मोठ्या थैलीची गरज पडू नये.

आपल्याकडे व्हीएआरची मागणी सगळ्यात जोरात झाली ती ३ मार्च २०२३ नंतर. बंगळुरूत आयएसएलच्या बाद फेरीच्या सामन्याच्या जादा वेळेत केरळ ब्लास्टर्स भिंत उभी करत असतानाच सुनील छेत्रीनं झटकन फ्री किक घेऊन गोल केला. प्रशिक्षक वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर नेला. क्लबला चार कोटींचा दंड झाला, वुकोमानोविच यांच्यावर दहा सामन्यांची बंदी आली. पण तिथला वाद चित्राचा नव्हताच. पंच छेत्रीला काय म्हणाले, त्यांनी शिट्टीची वाट बघायला सांगितलं होतं की नव्हतं, हा तो वाद होता, आणि ते कुठल्याही कोनातल्या कॅमेऱ्यात दिसत नाही. २०२३ मध्ये झालेल्या क्लब विश्वचषकापासून पडदा बघून आलेले पंच आपला निर्णय माइकवरून अख्ख्या स्टेडियमला कारणासह सांगू लागले. आपल्याकडे एका वेळी एकच गोष्ट आणणं परवडणार असेल, तर मी आधी पंचांच्या गळ्यापाशी माइक लावीन आणि त्यांचं बोलणं सामन्यानंतर सगळ्यांना ऐकवीन. पडदा त्यानंतर आला तरी चालेल.